कुत्र्याची चाल बिघडली तर: दुखणं ओळखायचं कसं आणि घरी व्यायाम द्यायचे कसे

“दुखत नसणार, नाहीतर ओरडला असता ना?”

लंगडणाऱ्या कुत्र्याला घेऊन येणारी माणसं बसल्या बसल्या हे वाक्य बोलतात. शेपटीवर पाय पडला तर कुत्रा ओरडतो, हे खरं. पण सांध्यात महिनोन्‌महिने मुरलेल्या दुखण्यावर तो ओरडत बसत नाही. दुखऱ्या पायावरचं वजन गुपचूप दुसऱ्या पायावर ढकलतो आणि तुमच्यामागे घरभर हिंडत राहतो. इथे कानांचा उपयोग नाही, डोळेच लागतात.

डोळे असूनही चुकतं. मी प्राण्यांची फिजिओथेरपी करते, दिवसभर कुत्र्यांचेच पाय बघते. तरी माझ्या घरातल्या चिंगीचं दुखणं मला तीन आठवडे दिसलं नाही. सोफ्यावर उडी मारण्याआधी ती क्षणभर थांबायला लागली होती, एवढंच. मी म्हटलं, नऊ वर्षांची झाली, वय बोलतंय. मग एका रविवारी नखं कापायला पंजा हातात घेतला, तर मागच्या उजव्या पायाची मधली दोन नखं वरच्या अंगाने घासून सपाट झालेली. नख टोकाकडून, खालून झिजतं. वरून झिजलं म्हणजे पाय पुढे टाकताना ती पंजा पुरेसा उचलत नव्हती, नखं जमिनीला घासत होती. तपासल्यावर कळलं, दुखणं पायात नव्हतंच, कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी होतं.

तेव्हा आधी बघायचं, मग हात लावायचा, मग डॉक्टरांकडून निदान, मग घरातली फरशी, आणि सगळ्यात शेवटी व्यायाम. बहुतेकांना थेट व्यायामावर यायची घाई असते. फाटलेल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीवर, उठाबशा काढायला लावल्या तर काय होईल हे माणसाच्या बाबतीत आपल्याला पटकन कळतं. कुत्र्याच्या बाबतीत का कोण जाणे, कळत नाही.

आधी हे: कधी वाट बघायची नाही

मागचे पाय अचानक लुळे पडले, कुत्रा ते फरपटत ओढतोय, किंवा दारू प्यायल्यासारखा डोलतोय, तर त्याच दिवशी नाही, त्याच तासात डॉक्टर गाठायचे. मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तास मोजूनच काम चालतं. लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातींमध्ये, म्हणजे डाक्सहुंडसारख्यांत, हे वारंवार दिसतं. लघवी तुंबली किंवा नकळत गळू लागली तर धोका आणखी मोठा. अशा कुत्र्याला काखेत उचलून न्यायचं नाही. फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड चादरीवर आडवं ठेवून, पाठ सरळ राहील असं न्यायचं.

पाय अजिबात टेकत नाही, पायाचा आकार वेडावाकडा दिसतोय, सांधा गरम आणि सुजलेला आहे, सोबत ताप आहे किंवा खाणं सुटलंय, तरीही लगेच जायचं. मोठ्या जातीच्या वयस्कर कुत्र्याच्या पायाच्या हाडावर टणक सूज आली आणि लंगडणं दिवसेंदिवस वाढत गेलं, तर ‘मुरगळला असेल’ म्हणत आठवडे घालवू नका. हाडाचा कर्करोग असाच सुरू होतो. मान एका बाजूला कलली, बुबुळं झरझर हलताहेत आणि कुत्रा गोल फिरतोय किंवा कोसळतोय, तर तो पायाचा नाही, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड आहे. त्यावर घरी पाय चोळत बसून काही होणार नाही.

पायरी १: चाल बघणं

कुत्रा चार तऱ्हांनी चालतो असं ढोबळपणे धरा. सावकाश चाल, तिच्यात चार पावलं एकामागून एक पडतात. दुडकी चाल, तिच्यात समोरासमोरचे नव्हे तर तिरपे पाय जोडीने पडतात: डावा पुढचा आणि उजवा मागचा, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा. एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत चालणं ही तिसरी. आणि चौथी चौखूर दौड. लंगडणं शोधायला दौड निरुपयोगी आहे. दुडकी चाल सगळ्यांत उपयोगाची, कारण तिच्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसायला हव्यात. नाही दिसल्या की काहीतरी आहे. सावकाश चालीत लपलेलं लंगडणं दुडकीत पुष्कळदा बाहेर येतं. एकाच बाजूचे पाय जोडीने टाकायची सवय काही कुत्र्यांना मुळातच असते. पण पूर्वी नव्हती आणि आता लागली असेल, तर थकवा किंवा पाठीचं दुखणं डोक्यात ठेवा.

फोनवर चित्रण करा. सपाट, कडक, न घसरणारी जागा हवी. गवतावर पावलं दिसत नाहीत. दोरी सैल ठेवा. ताणलेली दोरी मान वर धरून ठेवते आणि नेमकी मानच तर बघायची असते. दुसऱ्या माणसाला कुत्रा चालवू द्या. तुम्ही गुडघ्यावर बसून फोन कुत्र्याच्या उंचीला धरा. उभ्याने वरून काढलेल्या व्हिडिओत पाठ दिसते, पाय दिसत नाहीत. समोरून येताना, पाठमोरा जाताना आणि बाजूने, असं तिन्हीकडून घ्या. दहा-बारा मीटर सावकाश आणि तेवढंच दुडकीने. नंतर संथ गतीत बघा. आवाज बंद करू नका. फरशीवर नखं घासल्याचा ‘खर्र’ आवाज पुष्कळदा डोळ्यांआधी सांगतो.

आता मान. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्यांवर असतं, त्यामुळे पुढचा पाय दुखला की मान लगेच बोलते. दुखरा पाय जमिनीला लागताना तो डोकं वर उडवतो, म्हणजे त्या पायावरचं ओझं कमी होतं. चांगला पाय पडला की डोकं खाली येतं. लोक नेमकं उलटं वाचतात: डोकं खाली गेलं त्या पायावर बोट ठेवतात. आठवणीसाठी एवढंच: डोकं खाली, पाय भला.

मागच्या पायासाठी पाठमोरा व्हिडिओ लावा आणि दोन्ही खुब्यांची उंची बघा. दुखऱ्या बाजूचा खुबा दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वर-खाली होतो, आणि पाय जमिनीवर कमीत कमी वेळ टेकतो. इथे एक चकवा आहे, आणि अनुभवी माणसंही त्यात फसतात. डावा मागचा पाय दुखत असेल तर दुडकीत तो आणि उजवा पुढचा पाय एकदम पडतात. त्या क्षणी वजन पुढे ढकलायला कुत्रा डोकं खाली घालतो. बघणाऱ्याला वाटतं, उजवा पुढचा भला, मग डावा पुढचा दुखतोय. खरं दुखणं त्याच बाजूला, पण मागे. तेव्हा मान हलताना दिसली तरी खुबे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील तर मान हलतच नाही. दोन्ही खुबे बिघडलेला कुत्रा सरळ लंगडत नाही. त्याची पावलं आखूड होतात, कंबर डावी-उजवीकडे झुलते, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम पडतात. घरचे म्हणतात, ‘किती गोड पळतो.’

पायरी २: उभा, बसता आणि उठता कुत्रा

चालण्याइतकंच उभं राहणं बोलकं असतं. तो खाताना, म्हणजे लक्ष दुसरीकडे असताना, मागून बघा. दुखरा पाय थोडा बाहेर किंवा पुढे ठेवलेला, बोटं जेमतेम टेकलेली. भार असलेल्या पंजाची बोटं पसरतात, भार नसलेल्याची मिटलेली राहतात. आता पाळीपाळीने एकेक पाय दोन सेकंद उचला. भला पाय उचलताना तो कुरकुर करतो, कारण त्या क्षणी वजन दुखऱ्या पायावर जातं. दुखरा पाय मात्र खुशाल हातात देतो.

बसायला सांगा. निकोप कुत्रा दोन्ही गुडघे दुमडून टाचा (कुत्र्याची टाच म्हणजे मागच्या पायाचा गुडघ्याखालचा, जमिनीपासून वर असलेला सांधा) बुडाखाली घेऊन नीट बसतो. एक पाय बाजूला सरळ सोडून एका कुशीवर बसत असेल तर गुडघा दुमडायला त्रास होतोय, असं समजा. गुडघ्यातलं लिगामेंट फाटायला लागलेल्या कुत्र्यांमध्ये हे फार लवकर दिसतं, कधीकधी लंगडण्याच्याही आधी. पिल्लं आळसाने अशी बसतात, ते वेगळं.

मग शिवणकामाची टेप घ्या. मांडीचा घेर वरच्या तिसऱ्या भागात, दोन्ही पायांना अगदी एकाच जागी, कुत्रा उभा असताना मोजा. प्रत्येक पाय तीनदा मोजून मधला आकडा धरा. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तर पायावर पुरेसं वजन न टाकणं कालपरवाचं नाही, बरेच आठवडे चाललंय. हा आकडा लिहून ठेवा, पुढे उपचार चालताहेत की नाही हे तोच सांगणार आहे.

पायरी ३: हात लावणं

पंजापासून सुरुवात करा. निम्मी भानगड तिथेच सुटण्याची शक्यता असते: बोटांच्या बेचक्यात रुतलेला काटा, तळव्याची चिरलेली गादी, मुळाशी तुटलेलं नख, केसांत गुंतलेला डिंक, भाजलेले तळवे. नखं इतकी वाढली असतील की उभं राहताना फरशीला टेकतात, तर बोटं वर ढकलली जातात आणि वरच्या सगळ्या सांध्यांचा कोन बदलतो. नुसती नखं कापून चाल सुधारलेले कुत्रे मी पाहिलेत.

मग वर सरका, पण आधी भल्या पायावर. त्याला ‘साधा’ स्पर्श कसा वाटतो हे कळलं की दुखऱ्या पायावरचा फरक ओळखता येतो. ऊब, सूज, स्नायूचा कडकपणा, आणि चेहरा. ओठ चाटणं, अचानक जांभई, मान वळवून तुमच्या हाताकडे बघणं, श्वास रोखणं या कुत्र्याच्या ‘आई गं’ आहेत. त्याच्याही पुढे जाऊन दाबून बघायचं काम तुमचं नाही. जन्मात कधी न चावलेला कुत्राही दुखऱ्या सांध्यावर हात पडला की चावतो. त्यात त्याचा दोष नाही.

एक चाचणी मात्र घरी जरूर करा. कुत्रा उभा असताना पोटाखाली हात देऊन थोडा भार सांभाळा आणि एक मागचा पंजा उलटा करून, म्हणजे बोटांची वरची बाजू जमिनीला लागेल असा, हलकेच ठेवा. निकोप कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. उशीर झाला किंवा तसाच उलटा ठेवून उभा राहिला, तर पाय कुठे आहे ही बातमीच मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीये. मग प्रश्न मज्जातंतूंचा किंवा मणक्याचा असतो, सांध्याचा नव्हे. चिंगीने पंजा सरळ करायला तीन सेकंद घेतले होते.

कोणती चाल कुठे बोट दाखवते

हे निदान नव्हे, डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे. लहान जातीचा कुत्रा चालता चालता मध्येच दोन-तीन पावलं मागचा पाय उचलून धरतो, उडी मारल्यासारखा चालतो आणि लगेच काही न झाल्यासारखा पळू लागतो: गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता मोठी. मागच्या पायाची फक्त बोटं टेकतात आणि बसताना पाय बाजूला जातो: गुडघ्याचं लिगामेंट. चार ते आठ महिन्यांचं मोठ्या जातीचं पिल्लू पुढच्या पायाने लंगडतं: कोपर बघा. तसंच वाढतं पिल्लू आज या पायाने, दहा दिवसांनी त्या पायाने लंगडत असेल तर वाढीच्या वयात लांब हाडांना येणारी सूज असू शकते, आणि ती बहुधा आपोआप बरी होते. मात्र पाय बदलत लंगडण्यासोबत ताप आणि सुस्ती असेल तर गोचिडीतून होणाऱ्या तापासाठी रक्त तपासायला सांगा.

झोपून उठल्यावर कडक, चार पावलं चालल्यावर मोकळा: संधिवात. उलट, सुरुवातीला बरा आणि फिरून आल्यावर जास्त लंगडणारा: स्नायू किंवा लिगामेंट. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी यांसारख्या जातींत साधारण आठ वर्षांनंतर मागचे पंजे घासायला लागले, दुखत तर काहीच नाही, पण पाय दर महिन्याला थोडे थोडे परके होत चाललेत, तर मज्जारज्जूचा हळूहळू वाढणारा ऱ्हास असू शकतो. तो बरा होत नाही, पण नियमित फिजिओथेरपी मिळालेले कुत्रे जास्त काळ पायांवर राहिल्याचं दिसलं आहे.

डॉक्टरांकडे जाताना व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात कुत्रा घाबरून इतका सावध होतो की तिथे लंगडतच नाही. निदान झाल्यावर तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: या पायावर किती वजन चालेल, कोणती हालचाल करायची नाही, आणि किती आठवडे. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरातून काढून देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत, त्यांचा डोस वजनावर ठरतो. दुखणं औषधाने आटोक्यात आल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका, कारण दुखत असताना कुत्रा चुकीची हालचालच पक्की करतो.

पायरी ४: घरातली फरशी

गुळगुळीत फरशी ही लंगड्या कुत्र्याची रोजची परीक्षा असते. दर घसरणीला मांडीच्या आतले स्नायू ताणले जातात. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर खालून रबर असलेल्या चटया किंवा योगासनांच्या मॅट अंथरा. बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग, मध्ये बेटं सोडू नका. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा. जिन्याला फाटक, सोफ्याला उतरण. मागचे पाय कमजोर असतील तर लांब टॉवेल पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घालून दोन्ही टोकं वर धरा. तुम्ही उचलायचं नाही, फक्त तोल सावरायचा.

पायरी ५: व्यायाम

दुखापत किंवा शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस फक्त थंड शेक. बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सूज पूर्ण उतरल्यावर, आणि जुनाट संधिवातात, गरम शेक १० मिनिटं, व्यायामाच्या आधी. पिशवी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक मिनिट धरून बघा. सुजेवर, जखमेवर, गाठीवर किंवा जिथे संवेदना कमी आहे तिथे गरम शेक नको.

शेकानंतर मालिश. तेल नको, जोर नको. बोटं जोडून, केसांच्या दिशेने लांब संथ हात, पाच मिनिटं. दुखऱ्या पायापेक्षा भल्या बाजूच्या खांद्याला आणि मानेला जास्त वेळ द्या. गेले कित्येक आठवडे ओझं तिकडे गेलेलं असतं. त्या स्नायूंना हात लावला की बहुतेक कुत्रे डोळे मिटतात.

मग सांध्यांची हलती कवायत. कुत्रा कुशीवर, दुखरा पाय वर. एक हात सांध्याच्या वर, दुसरा खाली, पाय जमिनीला समांतर. एका वेळी एकच सांधा हळूहळू दुमडा, हळूहळू सरळ करा, अडखळलं की तिथेच थांबा, ओढू नका. १० ते १५ वेळा, दिवसातून दोनदा. यातून स्नायू वाढत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. इथे कष्ट तुमच्या हातांचे, कुत्र्याचे नाहीत. सांधा आखडू नये एवढ्यापुरतीच ही कवायत. महिनाभर हेच करून ‘मांडी भरली नाही’ अशी तक्रार घेऊन लोक येतात.

ताकद येते ती वजन पायावर आल्यावर. सर्वांत पहिला व्यायाम म्हणजे नुसतं चारही पायांवर नीट उभं राहणं. मॅटवर उभा करा, पंजे सरळ खाली आहेत ना बघा, आणि दोन्ही हात खुब्यांवर ठेवून इतकं हळू डावीकडे-उजवीकडे ढकला की पाऊल न हलवता त्याला फक्त तोल सावरावा लागेल. पाच सेकंद एकीकडे, पाच सेकंद दुसरीकडे, एकूण मिनिटभर. जमलं की भला मागचा पाय पाच सेकंद उचला. नंतर खाऊचा तुकडा नाकापासून खुब्याकडे न्या, म्हणजे मान आणि पाठ वळेल. दोन्ही बाजूंना तीन-तीनदा.

उठाबशा हा माझा लाडका व्यायाम, आणि बहुतेक ठिकाणी चुकीचा करवला जाणाराही. ‘बस’ म्हटल्यावर कुत्रा दुखरा पाय बाहेर सोडून बसतो, चांगल्या पायाने उठतो, आणि आपण म्हणतो दहा झाल्या. त्याला भिंतीला लागून उभा करा, दुखरा पाय भिंतीकडे. आता पाय बाहेर जायला जागाच नाही. बसला की लगेच खाऊ पुढे आणि किंचित वर न्या, म्हणजे तो दोन्ही मागच्या पायांनी ढकलून उठेल. पुढे सरकत, पुढच्या पायांनी खेचून उठला तर ती उठाबशी मोजायची नाही. पाचपासून सुरू, दिवसातून दोन वेळा. दहावर जायला तीन आठवडे लागले तरी चालतील. गुडघा चांगला दुमडत नसेल किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर हा व्यायाम डॉक्टरांच्या होकारानंतरच.

चालणं हाही व्यायामच आहे, पण अट एकच: हळू. वेग वाढला की कुत्रा तीन पायांवर निभावून नेतो. तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू चालवलं की चौथा पाय टेकवण्यावाचून इलाज राहत नाही. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, आखूड दोरीवर. आठवडा नीट गेला तर प्रत्येक फेरीत पाच मिनिटं वाढवा. मागच्या पायांसाठी हलका चढ चांगला. उतारावर वजन पुढच्या पायांवर येतं, म्हणून कोपर-खांद्याच्या दुखण्यात उतार टाळा.

पाय उचलायला शिकवण्यासाठी काठ्या. झाडूचे पाच-सहा दांडे जमिनीवर समांतर मांडा, दोन दांड्यांतलं अंतर साधारण कुत्र्याच्या जमिनीपासून खांद्यापर्यंतच्या उंचीइतकं. त्यावरून एकेक पाऊल उचलत संथ चालवा. आठ-दहा दिवसांनी दांडे चार-पाच सेंटिमीटर वर घ्या, पण पुढच्या पायाच्या मनगटापेक्षा वर कधीच नाही. उडी मारून ओलांडले तर तुम्ही वेगात आहात किंवा दांडे उंच आहेत. पंजा घासणाऱ्या कुत्र्यांसाठी हा व्यायाम सोन्यासारखा. त्यांना उभं असताना बोटांच्या बेचक्यात हलकी गुदगुली करा. पाय झटकन वर घेतला की तीही एक कवायतच झाली.

किती, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवते

व्यायाम करताना कुत्रा कधी पुरे म्हणत नाही. खाऊ दिसतोय, तुम्ही कौतुक करताय, तो आणखी दहा उठाबशा काढेल. किती झालं हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत कळतं. नेहमीइतकाच कडक, नेहमीइतक्याच वेळात मोकळा झाला: काल बरोबर होतं. जास्त कडक, किंवा मोकळं व्हायला जास्त वेळ: काल जास्त झालं. मग एक दिवस फक्त शेक आणि मालिश, आणि परवापासून निम्म्यावर. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, एकतर वेळ, एकतर संख्या, एकतर अवघडपणा. तिन्ही एकदम वाढवलेत आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं हे कळायला मार्ग राहत नाही.

घाई करू नका, कारण शरीराचा हिशेब ठरलेला आहे. स्नायूची दुखापत भरायला तीन ते सहा आठवडे लागतात, हाड जुळायला आठ ते बारा, आणि लिगामेंट व स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध पूर्वीच्या ताकदीच्या जवळ यायला कित्येक महिने. सगळ्यात धोक्याचा काळ तो, जेव्हा कुत्र्याला बरं वाटायला लागतं पण आतलं अजून कच्चं असतं. चेंडू फेकायचा मोह तेव्हाच होतो. फेकू नका.

जे घरी होत नाही ते

पाण्यातली ट्रेडमिल मिळाली तर जरूर घ्या. पाणी खुब्यापर्यंत असताना कुत्र्याच्या पायांवर सुमारे ३८ टक्केच वजन येतं, गुडघ्यापर्यंत असताना ८५ टक्के, टाचेपर्यंत असताना ९१ टक्के. म्हणजे गुडघ्याएवढ्या पाण्यात वजन फारसं कमी होत नाही. तिथे फायदा पाण्याच्या अडथळ्याचा आणि पाय उंच उचलला जाण्याचा. पोहणं वेगळं. त्यात बरेच कुत्रे पुढच्या पायांवरच भागवतात, मागचे नुसते मागून येतात. टाके पूर्ण भरेपर्यंत दोन्ही नको. लेझर, विजेचे सौम्य झटके, शॉकवेव्ह ही साधनं दुखणं कमी करायला मदत करतात, पण व्यायामाची जागा घेत नाहीत. फक्त यंत्र लावून घरी पाठवणाऱ्या जागेपेक्षा कुत्र्याला चालवून बघणारी, मांडी मोजणारी आणि तुम्हाला घरचा गृहपाठ देणारी जागा निवडा.

वजन

याबद्दल बोललं की माणसं रागावतात, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडोरपैकी निम्म्यांना त्यांच्या जोडीदार भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं गेलं. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांना सांध्यांचा त्रास उशिरा झाला. हाताची पालथी बाजू चाचपून बघा: बोटांच्या हाडांवर पातळ आवरण लागतं, तशा फासळ्या कुत्र्याच्या लागायला हव्यात. तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर वजन जास्त आहे. व्यायामाचा खाऊ रोजच्या वाट्यातूनच काढा, वरून देऊ नका.

नोंदी

एक वही ठेवा. रोज दोनच ओळी: काल काय केलं, आज सकाळी पहिली दहा पावलं कशी पडली. दर दोन आठवड्यांनी मांडीचा घेर आणि तोच व्हिडिओ, त्याच जागी, त्याच उंचीवरून. आठवणीवर विसंबू नका. रोज बघणाऱ्याला सुधारणाही दिसत नाही आणि बिघाडही नाही. सहा आठवड्यांत घेरात काहीच फरक नसेल तर व्यायाम वाढवण्याआधी परत डॉक्टरांकडे जा; एकतर दुखणं पुरेसं आटोक्यात नाही, नाहीतर निदानात काहीतरी सुटलंय.

चिंगीच्या वहीत पहिले पाच आठवडे ‘तेच’, ‘तेच’, ‘थोडं कडक’, ‘तेच’ एवढंच आहे. सहाव्या आठवड्यात पंजा सरळ करायला एक सेकंद. सोफ्यासमोर ती अजूनही थांबते. आता तिथे उतरण आहे, चिंगी तिच्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि खालीच आडवी होते.